उभ्या पिकाचा कायदा

मी गाव सोडलं तेव्हा सगळं खोरं धुरात होतं. चैत्र सरत आला होता आणि नदीपासून डोंगरापर्यंत प्रत्येक खाचरात राब भाजायला लावले होते. पाला, डहाळ्या, शेण आणि वर मातीचा पातळ थर रचून जाळायचं, आणि पावसाच्या तोंडावर त्याच राखेत भाताचं बी टाकायचं, ही आपली रीत तुम्हाला सांगायला नको. पण हे कदाचित माझी नातवंडंही वाचतील. त्यांनी भात कुकरातच पाहिलाय, म्हणून सांगितलं. धुरामुळे सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं. कोण रडतंय आणि कुणाला धूर लागलाय, हे कळायला मार्ग नव्हता. आईला आणि मला दोघांनाही ते बरं पडलं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही जे वरच्या वाडीत राहिलात, जे पवनानगरला दुकानं टाकून बसलात आणि जे माझ्यासारखे चिंचवडला येऊन पडलात, त्या तुम्हाला ते ठाऊक आहे. बाकीच्यांनी शोधायला जाऊ नये. तिथं आता पाणी आहे.

मला पोचवायला अर्धं गाव भैरोबाच्या देवळापर्यंत आलं होतं. खरं तर मी जात होतो लोणावळ्याला, म्हणजे डोंगराच्या पलीकडे. लोहगडाची खिंड चढून मळवलीला उतरायचं आणि गाडीत बसलं की लोणावळा. बाजाराला जाणारी माणसंही एवढं चालत. पण मी बाजाराला चाललो नव्हतो. मी वकील व्हायला चाललो होतो, आणि ते माझं एकट्याचं काम राहिलं नव्हतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, देवळाच्या पायरीपाशी थांबून सांगितलं, "मारुती, परीक्षा व्हईस्तवर घराकडं बगू नगंस. हितलं आमी बगतो. तू तेवडा कायदा शिकून ये." कायदा म्हणजे जणू तालुक्याहून आणायचा मिठाचा पुडा. मी हसलो नाही. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

वकिलाची गरज का पडली, तेही सांगतो. आदल्या हिवाळ्यात साहेबलोक आले होते. त्यांनी डोंगराच्या अंगानं लाल-पांढरे खांब रोवले आणि सांगितलं, पवनेवर धरण होणार, पाणी या खांबापर्यंत येणार. तो खांब भैरोबाच्या कळसाच्याही वर होता. गावानं मान वर करून पाहिलं आणि पहिले काही दिवस सगळे हसले. मग हसू थांबलं. मग बैठक झाली.

त्या बैठकीत जे ठरलं ते आपल्याच लोकांना सुचू शकतं. आपल्यात बांधावरून भांडणं काही कमी नव्हती. भाऊ भावाच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन जायचा. पण एकदा लावणी झाली, आणि बांधावर उंबराची डहाळी रोवली, की भांडण तिथंच थांबायचं. खळं होईपर्यंत त्या खाचरात पेरणाऱ्याशिवाय कुणी पाय घालायचा नाही. जमीन कुणाची ते नंतर बघू, आधी भात घरात येऊ दे. उभ्या पिकात पाय घालणाऱ्याला गावात कुणी पाणी विचारत नसे, आणि माझ्या आठवणीत तशी वेळ कुणावर आलेली नाही. तर गावानं ठरवलं, की दरवर्षीसारखी पेरणी करायची, लावणी करायची, प्रत्येक बांधावर डहाळी रोवायची. सरकार झालं तरी उभ्या पिकात कसं शिरेल? खळी होईपर्यंत ते थांबेलच. आणि तोवर आपला पोरगा वकील होऊन येईल.

तो पोरगा मी. गावातला पहिला बी. ए. पुण्यात वार लावून जेवून शिकलो होतो आणि मास्तरकी शोधत होतो. गावानं ती शोधू दिली नाही.

वकील व्हायला वर्षं लागतात, हे मी बैठकीत सांगितलं होतं. कुणीतरी विचारलं, "पर परीक्षा पास झाल्याव कायदा तर कळंल का न्हाई?" ती प्रवेशाची परीक्षा, असं मी समजावू लागलो तर आबा म्हणाले, "परवेस मिळाला म्हंजी आत गेला. आत गेल्याव समदं दिसतं."

त्या काळी बहुतेक लॉ कॉलेजांत पदवी दाखवली की दार उघडे. पण मला परवडेल असं एकच होतं. तिथं वर्ग सकाळी भरत, म्हणजे दिवसा नोकरी करता आली असती, आणि गरीब मुलांसाठी राहायची सोय होती. त्यामुळे तिथं झुंबड उडे, आणि कॉलेज स्वतःची परीक्षा घेई. इंग्रजीत एक निबंध, एक उतारा संक्षेप करायला, आणि मग तोंडी. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं होतं. बोलायला गेलो की जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून लोणावळा. तिथं वलवणला मावशी होती आणि खंडाळ्याला नाना होते.

मावशीचं घर वलवणच्या धरणाखाली. तिच्या सासऱ्याची जमीन त्या जुन्या धरणात गेलेली, साहेबाच्या राज्यात. मावशी बंगल्यांवर धुणीभांडी करायची आणि उन्हाळ्यात करवंदं विकायला स्टेशनवर बसायची. जिभेची तिखट. मी पहिल्या दिवशी तिला गावाचा बेत सांगितला, डहाळीचा आणि वकिलीचा. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "शीक बाबा. पर लय आशा धरू नगंस. माझा सासरा दर वैशाखात त्या पान्याच्या कडंला जाऊन बसायचा. पानी खाली गेलं की त्याला त्याचं शेत दिसायचं."

"बसून काय करायचा?" मी विचारलं.

"काय करनार? बसायचा," मावशी म्हणाली आणि मला भाकरी वाढली.

मला तिचा राग आला होता. आम्ही तसे बसणारे नाही, असं मी मनात म्हणालो. तेव्हा मी तरुण होतो आणि मला वाटायचं, आधीच्या माणसांना वकील मिळाला नाही म्हणून त्यांचं गेलं.

नाना हे पुण्याचे निवृत्त वकील. दम्यासाठी कुणीतरी त्यांना खंडाळ्याची हवा सुचवली होती. ज्यानं सुचवली त्याला पावसाळ्यातला खंडाळा ठाऊक नसावा, कारण तिथं दमा नसलेल्या माणसालाही तो व्हावा. घाटाच्या तोंडाशी त्यांचा लहानसा बंगला होता आणि मावशी तिथं कामाला जायची. तिनं शब्द टाकला. भर मे महिन्यात लोकरी टोपी घालून नाना व्हरांड्यात बसत आणि मी समोर सतरंजीवर. ते इंग्रजी वर्तमानपत्रातला अग्रलेख मला मोठ्यानं वाचायला लावत आणि मग म्हणत, "आता हे एक तृतीयांशात सांग." मी सांगू लागलो की बोट वर करत. "काट. ते नको. विशेषणं काट. माणसाचं नाव काट, हुद्दा ठेव." मी काटत गेलो. महिन्याभरात मला इतकी सवय लागली, की मावशी स्टेशनवरची हकीकत सांगू लागली तरी मी मनात तिचा संक्षेप करायचो. मावशीच्या हकीकतींचं एक तृतीयांश म्हणजे काहीच उरत नसे.

तोंडी परीक्षेसाठी नाना वाद घालायला लावत. एक विषय द्यायचा, एक बाजू द्यायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तू मावळचा ना? मग धरणाचाच विषय घे. सरकारची बाजू मांड."

"सरकारची कशाला, नाना? मला आमची मांडायची आहे."

"तुमची तुला पाठच आहे. तिचा सराव कशाला? वकील व्हायचं तर समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली यायला हवी."

ते खोटं नव्हतं. आज मीही माझ्या ज्युनिअरांना हेच सांगतो. तर मी सरकारची बाजू शिकलो. नानांनी कपाटातून भूसंपादनाच्या कायद्याचं पुस्तक काढून दिलं. दुपारी व्हरांड्यात बसून मी ते वाचायचो, खाली घाटातून इंजिनं धापा टाकत वर यायची, आणि मी ओळीवर बोट ठेवून पुढं सरकायचो. सार्वजनिक प्रयोजन. नुकसानभरपाई. ताबा. उभं पीक हा शब्द त्यात होता! मी पुन्हा पुन्हा वाचलं. उभ्या पिकाचाही मोबदला द्यावा, असं होतं. थांबावं, असं कुठंच नव्हतं.

मी नानांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "पीक उभं आहे म्हणून ताबा थांबत नाही, मारुती. फार तर मुदत मागता येते. अर्ज मी लिहून देतो. पण धरणाचे दरवाजे बंद करायचे ठरले, की पाऊस काही तुमची मुदत बघून पडायचा नाही."

अर्ज लिहिला. मी तो भूसंपादनाच्या कचेरीत नेऊन दिला. तिथले साहेब चांगले होते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी खुर्ची दिली, चहा पाजला, सगळं वाचलं आणि म्हणाले, "पिकाची भरपाई जरूर मिळेल. पण पेरू नका असं घरी सांगा. उगाच मेहनत कशाला?" त्यांचा आवाज चढला असता तर मला भांडता आलं असतं. चहा पिऊन मी बाहेर आलो आणि कुठं जावं ते सुचेना.

मग मी आबांचं ऐकलं नाही, घराकडं गेलो. ज्येष्ठ लागला होता. खिंडीतून खाली पाहिलं तर काळे पडलेले राब पावसाची वाट बघत होते. आबा औताला नवा फाळ बसवत होते. मी त्यांच्या पुढ्यात बसून सगळं सांगितलं. कायद्यात डहाळी नाही. सरकार थांबत नाही. पेरलं ते वाया जाईल. त्यापेक्षा आत्ताच वर जागा बघावी, कौलं-वासे उतरवावेत, लाकूडफाटा हलवावा.

आबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "परीक्षा झाली का तुजी?"

"नाही अजून."

"मंग? अजून तू आत गेला न्हाईस. भाईर बसून तुला काय दिसतंय? पास हो, मंग सांग. तवा ऐकू."

मी आईकडे पाहिलं. ती सुपात बियाणं पाखडत होती. म्हणाली, "त्येंचं बरूबर हाय. तू जा, अभ्यास कर."

तुमच्यापैकी बरेचजण त्या दिवशी आमच्या ओट्यावर होतात. कुणीही माझ्यावर रागावलं नाही. उलट पाठीवर हात ठेवून धीर दिलात, की घाबरू नगंस, पास व्हशील. मी परीक्षेला घाबरलोय, असं तुम्हाला वाटलं. परत खिंड चढताना मला जेवढं असहाय वाटलं तेवढं त्यानंतर कधी कोर्टात हरूनही वाटलेलं नाही. खरं ते तुम्हाला ऐकवायचं तर आधी पास व्हायला हवं होतं. पास व्हायचं तर परत जाऊन सरकारची बाजू पाठ करायला हवी होती.

परीक्षा आषाढात झाली. निबंध बरा गेला, संक्षेप तर फारच छान. तोंडीला टेबलामागे तिघे होते. मधले म्हातारे, पांढरी मिशी, कानात केस. त्यांनी माझा अर्ज पाहिला, गावाचं नाव वाचलं, आणि इंग्रजीत म्हणाले, "तुमच्याकडे धरण होतंय ना? समजा, तुम्ही सरकारचे वकील आहात. आम्हाला पटवून द्या."

मी पटवून दिलं. जीभ एकदाही टाळ्याला चिकटली नाही. खाली शहर वाढतंय, कारखाने येतायत, कामगारांच्या पोरांना प्यायला पाणी हवं. काही खेड्यांची गैरसोय होईल, पण त्यांना योग्य भरपाई मिळेल. सार्वजनिक प्रयोजनापुढे व्यक्तीचा हक्क थांबतो. पिकाचं मोल देता येतं, म्हणून पीक ही ताबा थांबवण्याची सबब होऊ शकत नाही. विशेषणं काटलेली, नावं काटलेली. तिघेही माना डोलवत होते. एकानं काहीतरी टिपूनसुद्धा घेतलं.

मग म्हातारे म्हणाले, "सुरेख. आता दुसरी बाजू."

मी तोंड उघडलं. आणि काहीच आलं नाही. डोळ्यांपुढे सगळं होतं. आबा फाळ बसवत होते, आई बियाणं पाखडत होती, बांधावर उंबराची डहाळी होती. ते मला पाठच होतं, नाना म्हणाले ते खरं होतं. पण ते इंग्रजीत कधी बोललो नव्हतो, मराठीतही नाही. आपल्यात ते बोलून दाखवायची वेळच येत नसे. डहाळी रोवली की झालं. त्या खोलीत, त्या टेबलासमोर, ते कसं मांडायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी नुसता उभा राहिलो. म्हाताऱ्यांनी माझा अर्ज मिटून बाजूला ठेवला. मग मायेनंच म्हणाले, "असू द्या. डोकं स्वच्छ आहे तुमचं."

यादीत माझं नाव वरचं होतं.

यात माझी चूक नव्हती, हे मी वकील म्हणून सांगतो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. पण बाप ज्या गोष्टीवर उभा होता ती किती लेचीपेची आहे, हे उत्तम इंग्रजीत सिद्ध करून मी आत गेलो, हेही खरं. आणि आत गेल्यावर, 'पास हो, मंग सांग' असं आबा म्हणाले होते म्हणून, सांगायला गावी गेलो.

लावणी संपली होती. सगळं खोरं हिरवंगार. प्रत्येक बांधावर डहाळी. मी पास झालो हे कळताच देवळात माणसं जमली. नारळ फुटला, मला मधोमध बसवलं. आबा नवं धोतर नेसले होते. ते म्हणाले, "आता सांग. आता तू आतला."

मी तेच सांगितलं. अक्षरन् अक्षर तेच, जे ज्येष्ठात ओट्यावर सांगितलं होतं. फक्त या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

आबांनी विचारलं, "म्हंजी सरकारला उभं पीक दिसत न्हाई?"

"दिसतं, आबा. त्याची भरपाई देतात."

"भरपाई न्हवं इचारलं. पाय घालतंय का न्हाई, ते सांग."

"घालतं," मी म्हणालो.

बाहेर पाऊस पडत होता. नारळाचे तुकडे ताटात तसेच राहिले. शेवटी आबा उठले, पागोट्यावर घोंगड्याची खोळ घेतली आणि शेताकडे निघाले. मी मागोमाग गेलो. आमच्या खालच्या खाचराच्या बांधावरची डहाळी पावसानं कलली होती. आबांनी ती उपटली, पुन्हा खोल रोवली, पायानं चिखल दाबला. मी म्हटलं, "आबा, आता काय उपयोग?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुज्या कायद्यात नसंल. आपल्यात हाय."

भाद्रपदात मावशीचा निरोप कॉलेजात पोचला, की पाणी आलं, ये. मी गाडीनं मळवलीला उतरलो आणि खिंड ओलांडून गेलो. माणसं, गुरं, भांडी, कौलं, सगळं वरच्या माळावर पत्र्याच्या छपरात आलं होतं. आई चूल मांडत होती, ओलं लाकूड पेटत नव्हतं. तिनं हातानंच दाखवलं, आबा तिकडं.

आबा पाण्याच्या कडेला उभे होते. पाणी हळूहळू आलं होतं, लाटा नाहीत, आवाज नाही. एका रात्रीत हातभर वर सरकायचं म्हणे. वरच्या थराला नितळ होतं, आणि त्यात खाली भात दिसत होता. पोटरीला आलेला, हिरवा, ताठ. पाणी हललं की तो जरा हलायचा. डहाळीचं टोक तेवढं वर होतं आणि त्यावर एक खंड्या बसला होता.

"बग," आबा म्हणाले. "उभंच हाय."

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मला बोलता येत होतं, त्यावर मार्क मिळाले होते, शिष्यवृत्ती मिळाली होती. आम्ही दोघं डहाळी बुडेपर्यंत तिथंच होतो.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही पांगलात, मीही पांगलो. आबा त्या पत्र्याच्या छपरात दोन-तीन पावसाळे काढून गेले. मी कधी गेलो की पूर्वी न विचारलेल्या गोष्टी विचारायचे. कोर्टात पंखा असतो का, जज्ज मराठी बोलतात का. कायद्याचं मात्र पुन्हा कधी विचारलं नाही. आईला मी चिंचवडला आणलं. कारखान्यांच्या वस्तीत वकिलाला काम पुष्कळ होतं. कामगारांचे खटले, भाडेकरूंचे, पुढं पुढं बिल्डरांचे. चाळीतली खोली गेली, फ्लॅट आला, मग मोठा फ्लॅट. आईला नळाचं फार कौतुक होतं. सकाळी नळाला पाणी आलं की ती आधी ओंजळभर घेऊन वास घ्यायची. एकदा मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "आपलंच हाय का ते बगते." आणि होतंही आपलंच. हे पाणी पवनेतूनच येतं. मी टेबलापलीकडच्या तिघांना सांगितलं होतं ते सगळं खरं झालं. कामगारांच्या पोरांना प्यायला पाणी मिळालं. त्या पोरांत माझीही दोन होती.

आता मी आमच्या सोसायटीचा चेअरमन आहे. वकील म्हटल्यावर सुटका नसते. उन्हाळ्यात पाणीकपात झाली की मिटिंग भरते. माणसं तावातावानं बोलतात आणि शेवटी ठरतं, की साहेबांनी पालिकेला कडक अर्ज लिहावा, धरणातून जास्त पाणी सोडायला सांगावं. मी लिहितो. कडक लिहितो. आमच्या तीन इमारतींची बाजू मला चांगली मांडता येते.

पण खरं सांगू? नळ कोरडा पडला की मला आतून कळतं, आबांचं शेत वर आलं. घरातली सगळी बादल्या मोजत असतात आणि मी पिशवी भरतो. बायकोला आता सांगावं लागत नाही, ती डब्यात भाकरी बांधून देते. मावशीच्या सासऱ्यासारखे आम्ही बसणारे नाही, असं मी मनात म्हणालो होतो. तो काय करायचा, ते आता मला ठाऊक आहे. बसायचा.

गेल्या वैशाखात पाणी फार खाली गेलं होतं. भैरोबाचा चौथरा उघडा पडला होता. मी चपला हातात घेऊन भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. बांध अजून आहेत. गाळानं मऊ झालेत, गोलसर झालेत, पण पाय बरोबर ओळखतात. धरणाच्या बंदोबस्तावरचा एक माणूस वरून ओरडला, "आजोबा, वर या. सरकारी जागा हाय ती." मी हात वर करून हो म्हटलं. बरोबरच होतं त्याचं. इतकी वर्षं वकिली करून त्याच्याविरुद्ध माझ्याकडे एक मुद्दा नाही.

तरी मी आमच्या खालच्या खाचरापर्यंत गेलो. आणि तिथं, बांधाच्या टोकाला, उंबराची डहाळी रोवलेली होती. ताजी. पानं जेमतेम कोमेजलेली. बुंध्याशी गाळ पायानं दाबलेला.

तुमच्यापैकी कुणीतरी रोवलीत. कुणी, ते मी विचारत नाही, आणि हे वाचून कुणी सांगूही नका. आजूबाजूला पाहिलं तर आणखी बांधांवरही होत्या, दूरवर, जिथवर नजर जाईल तिथवर. खाली नुसता कोरडा गाळ, एक काडीसुद्धा उगवलेली नव्हती.

मला घर कुठलं असं कुणी विचारलं, की मी चिंचवड सांगतो आणि ते खोटं नाही. तिथं माझी माणसं आहेत, माझं पाणी आहे. पण त्या दिवशी मला आबांच्या खाचरात उतरून, जिथं ते उभे राहायचे तिथं, थोडं बसायचं होतं. तेवढ्यासाठीच मी गेलो होतो. डहाळी पाहिली आणि पाय मागे घेतला. मी बांधावरच बसलो, बांधावरच भाकरी खाल्ली, आणि ऊन कलल्यावर बांधावरूनच परत फिरलो. खाचरात पाय घातला नाही.